वाल्दी विंगेत जातो

आमच्या ग्रुंडविकमध्ये एखादं गुपित ठेवायचं असेल तर एकच पथ्य पाळावं लागे, ते वाल्दीला सांगायचं नाही. वाल्दी चहाडखोर होता असं मुळीच नाही. उलट गोष्ट पोटात ठेवायची त्याची हौस दांडगी. पण त्याला हळू बोलताच येत नसे. "हे आपल्या दोघांतच राहू दे हं," असं तो तुमच्या कानाशी येऊन कुजबुजे, आणि रस्त्यापलीकडे पेट्रोल भरणारा ब्योसी तिकडून ओरडे, "राहील, राहील!"

त्याचं पूर्ण नाव सिग्वाल्दी, धंदा गुरांच्या लिलावाचा. गावाबाहेर पत्र्याचं मोठं लिलावघर आहे, तिथे दर बुधवारी तो उंच फळीवर उभा राहायचा आणि खाली रिंगणात फिरणाऱ्या गाईबैलांची बोली पुकारायचा. दारात मावणार नाही असा देह, तांबडी दाढी, आणि तो आवाज. एकदा लिलावघराच्या मंडळाने हौसेने त्याला माईक आणून दिला, तर पहिल्याच बोलीला दोन वासरं कुंपण मोडून पळाली. हिवाळ्यात तळं गोठलं की बर्फाला भोकं पाडून मासे धरत बसणारे लोक सांगत, वारा सरळ असला की आज वाल्दीने काय विकलं ते आम्हाला तिथे बसून कळतं.

चर्चमध्ये तर धमाल. मेव्हणीच्या लग्नात, सगळे हात जोडून उभे असताना, त्याने बायकोच्या कानात विचारलं, "रुना, हा नाताळात आला होता तोच ना गं?"

नवरदेवानेच मागे वळून सांगितलं, "नाही, मी दुसरा."

मी लोआ. गावात केस कापायचं दुकान माझं. बायकापुरुष दोघांचंही, कारण दुसरं दुकानच नाही. गावच्या नाटकमंडळीचे विग आणि दाढ्यामिशाही मीच सांभाळते, म्हणून वाल्दीचं हे प्रकरण मी अगदी आतून पाहिलंय.

सुरुवात झाली ती रुनाच्या बहिणीला ताप आला म्हणून. दोघी बहिणींनी विनिपेगला दुपारच्या नाटकाची तिकिटं काढली होती. ऐनवेळी बहीण अंथरुणात. वाल्दीला ट्रकचा कसलासा भाग आणायला शहरात जायचंच होतं. रुना म्हणाली, "चल माझ्याबरोबर. झोप आली तर झोप, पण घोरू नकोस."

नाटक कसल्याशा सरदाराचं होतं. तो जेवणाच्या टेबलापाशी बसून अख्खा पहिला अंक नुसता मरत होता. मरता मरता प्रत्येकाला काहीतरी सुनावत होता. वाल्दीला जांभया येऊ लागल्या. टेबलावरचं भाजलेलं बदक बघून त्याला भूक लागली, एवढाच काय तो नाटकाचा परिणाम. एकदाचा सरदार मेला आणि अंधार झाला.

पूर्ण अंधार नव्हे, निळसर. त्या निळ्या उजेडात चार काळ्या आकृत्या आल्या. कुठून आल्या कळलं नाही. त्यांनी ते लांबलचक टेबल, त्यावरच्या बश्या, पेले, पेटत्या मेणबत्त्या, बदक, सगळं होतं तसं उचललं आणि नेलं. पेल्याला पेला लागला नाही. दुसऱ्याच क्षणी उजेड आला आणि तिथे जंगल होतं.

वाल्दी ताठ उठून बसला. "अगं रुना!" तो कुजबुजला. "टेबल कुठे गेलं?"

नाट्यगृहातली सगळी डोकी वळली. जंगलात नुकतीच आलेली नटीदेखील क्षणभर टेबल शोधू लागली. विजेरी घेऊन एक मुलगी धावत आली. "काका, प्लीज, जरा हळू."

"हळूच बोललो," वाल्दी म्हणाला, आणि बाल्कनीत हशा पिकला.

त्यानंतर त्याने नाटक बघितलंच नाही. तो काळ्या आकृत्यांची वाट बघत बसला. जंगल गेलं, तुरुंग आला. तुरुंग गेला, समुद्र आला. प्रत्येक वेळी रुनाचं मनगट तो एवढं घट्ट आवळी की तिच्या बांगडीचा वळ उठला. शेवटी पडदा पडला, नटमंडळी ओळीने येऊन वाकली, मेलेला सरदारही आला. लोक टाळ्या वाजवत होते आणि वाल्दी हात बांधून बसला होता.

"वाजव ना टाळ्या," रुना म्हणाली.

"ते यायचेत अजून."

"कोण ते?"

"टेबलवाले."

टेबलवाले काही आले नाहीत. दिवे लागले, लोक कोट चढवू लागले. तेव्हा वाल्दी उभा राहिला आणि बुधवारच्या आवाजात ओरडला, "टेबलवाल्यांना बोलवा!"

रुनाने तोंडावर पर्स धरली. ती मला नंतर म्हणाली, "लोआ, घटस्फोटाचा विचार माझ्या मनात आयुष्यात एकदाच आला, तो तेव्हा. आणि तोही घरी जायला त्याचाच ट्रक होता म्हणून गेला."

पडद्याच्या कडेने एक बाई बाहेर आली. काळे कपडे, कानाला यंत्र, उंची वाल्दीच्या बरगडीएवढी. तिचं नाव जोझेत. मागची सगळी सूत्रं तिच्या हातात असतात, हे आम्हाला पुढे कळलं. कोण दंगा करतंय ते बघायला ती आली होती. वाल्दीने टोपी काढली आणि तिला सांगितलं की तुम्ही जे टेबल नेलंत, तसं मी उभ्या जन्मात काही पाहिलं नाही.

जोझेतने त्याला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "या. दोन मिनिटं. आणि कशालाही हात लावायचा नाही."

आत त्याने काय पाहिलं ते त्याने गावात प्रत्येकाला इतक्या वेळा सांगितलं की आम्हाला तोंडपाठ झालंय. जमिनीवर चमकणाऱ्या चिकटपट्ट्यांचे तुकडे होते, अंधारात टेबलाचा कुठला पाय कुठे ठेवायचा त्याच्या खुणा. बदक स्पंजचं होतं. मेणबत्त्यांना सेल होते. पेले खाली चिकटवलेले होते. एरवी एवढी फसवणूक कळल्यावर माणूस हिरमुसला असता. वाल्दीच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं.

"आणि तुम्हाला टाळ्या नाहीत?" त्याने विचारलं.

"आम्ही आहोत हे कुणाला कळलं तर काहीतरी चुकलं असं समजायचं," जोझेत म्हणाली. "तुम्हाला आज टेबल नेताना दिसलं म्हणजे माझ्या पोरांनी जरा आधीच उजेडात पाऊल टाकलं. त्यांना मी आता फाडून खाणार आहे."

परतीच्या वाटेवर वाल्दी गप्प होता. रुनाला वाटलं, याला ताप भरला. गावाची पाटी दिसल्यावर तो म्हणाला, "रुना, मी आता नाटकात काम करणार. मागे."

"कुणाच्या मागे?"

"पडद्याच्या."

रुनाने काचेतून बाहेर बघितलं. "बटाटे संपलेत," ती म्हणाली. "दुकानाशी थांबव."

पण खूळ काही उतरलं नाही. दुसऱ्याच दिवशी वाल्दी आस्टाबाईंच्या दारात उभा. आस्टाबाईंनी गावातल्या निम्म्या लोकांना शाळेत शिकवलेलं आणि उरलेल्या निम्म्यांना नाटकात उभं केलेलं. मध्य हिवाळ्यात आमच्याकडे मोठी मेजवानी असते, भाषणं होतात, न बोलवता लोक गातात, आणि दुपारी आस्टाबाईंचं नाटक असतं. गेली कित्येक वर्षं त्या वाल्दीच्या मागे लागल्या होत्या की राक्षस हो, राजा हो, निदान वादळ हो. तो आपण होऊन आलेला बघून बाईंना आनंदाचं भरतं आलं.

"ये, ये! कुठली भूमिका हवी बोल."

"कुठलीच नको. मला सामान हलवायचंय. अंधारात."

आस्टाबाई खुर्चीत बसल्या. "वाल्दी, अरे तुला परमेश्वराने एवढा आवाज दिला."

"बाई, तो त्याने परत घेतला तरी चालेल."

"पडद्यामागे हूं की चूं करायचं नसतं, बाळा. तुझी शाळेतली पुटपुट मुख्याध्यापकांच्या खोलीत ऐकू जायची."

"शिकेन मी."

आणि तो शिकायला लागला. आधी काळे कपडे शिवून घेतले, कारण त्याच्या मापाचे तयार मिळेनात. अंगाला सवय व्हावी म्हणून ते तो रोज घालू लागला. बुधवारी लिलावालाही घालून गेला. काळ्या कपड्यांत उतरलेल्या चेहऱ्याने वाल्दी उभा आहे (चेहरा उतरलेला नव्हता, तो मौनाचा सराव होता) हे बघून लोकांना वाटलं, घरात काहीतरी झालं. संध्याकाळपर्यंत रुनाच्या ओट्यावर झाकलेली भांडी येऊन पडली. भाजलेला मासा, मटणाचं सूप, आलुबुखाराच्या थरांचा केक तर तीन घरांतून. कुणीतरी रुनाला मिठी मारून रडलंसुद्धा. रुनाने काही खुलासा केला नाही. "कोण गेलं ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही," ती म्हणाली. "आठवडाभर स्वयंपाक नव्हता."

सामान हलवायचा सराव घरात चाले. भरदिवसा पडदे ओढून, पायांत नुसते मोजे घालून वाल्दी टेबलखुर्च्या इकडून तिकडे नेई. एकदा रुना चर्चच्या गाण्याच्या तालमीहून आली आणि दमून सोफ्यावर बसली. सोफा स्वयंपाकघरात होता. तिच्या माकडहाडाला आठ दिवस शेक चालू होता. वाल्दीला मात्र अभिमान, "आवाज आला का तुला सोफ्याचा? नाही ना आला?"

"सोफ्याचा नाही आला," रुना म्हणाली. "माझा आला असेल शेजाऱ्यांना."

कुजबुजीची शिकवणी माझ्याकडे. दुकान रिकामं बघून तो येई, खुर्चीत बसे, आणि मी त्याला सांगे, "फक्त हवा सोड. गळा वापरू नकोस." तो डोळे मिटून, मान पुढे काढून म्हणे, "आता ऐकू येतंय का?" एकदा त्याने असं विचारलं तेव्हा कोपऱ्यात ब्योसीची आई केस वाळवायच्या यंत्राखाली डोकं घालून बसली होती. ते यंत्र विमानासारखं घरघरतं आणि म्हातारी तशीही दोन्ही कानांनी अधू. ती त्या घरघरीतून म्हणाली, "येतंय रे बाबा, स्वच्छ येतंय. कित्येक वर्षांनी एवढं छान ऐकू आलं."

त्या वर्षी आस्टाबाईंनी स्वतः नाटक लिहिलं होतं. आमचे खापरपणजोबा बोटीतून उतरून या तळ्याकाठी आले, त्यांच्या पहिल्या हिवाळ्याचं. फार करुण. बायको आजारी, अन्न संपलेलं, घरात एकुलती एक गाय, आणि तीही दुष्ट शेजाऱ्याला विकायची पाळी. नायक ओली, आमच्या पोस्टातला. आजारी बायको म्हणजे आस्टाबाईंची भाची सोल्ला. गाय म्हणजे कातड्याच्या आत दोन माणसं, पुढे आमचे पाद्रीबाबा, मागे ब्योसी. गाय विकायच्या प्रसंगात शेजारी हसून म्हणतो, "याहून जास्त तुला कोण देणार आहे?" आणि मग शांतता. नायक गाईकडे बघतो, गाय नायकाकडे. ती शांतता म्हणजे आस्टाबाईंच्या मते नाटकाचा प्राण. चार महिने त्यांनी ती घासून बसवली होती.

रविवारची दुपार. हॉल खच्चून भरलेला, बाहेर बर्फ, आत ओल्या कोटांचा वास. वाल्दी विंगेत काळ्या कपड्यांत, तोंड शिवल्यासारखा. मी त्याच्याच बाजूला मिशा घेऊन बसले होते. पहिल्या अंकानंतर अंधार झाला, आणि खरं सांगते, त्याने लोखंडी चूल एकट्याने उचलली, खाट दुसऱ्या कोपऱ्यात लावली, झोपडीची भिंत फिरवली, आणि मला फक्त वाऱ्याची एक झुळूक लागली. परत येऊन तो माझ्याजवळ उभा राहिला तेव्हा आनंदाने थरथरत होता. मी त्याचा हात दाबला. बोलू मात्र दिलं नाही.

मग गाईचा प्रसंग आला. शेजारी हसला. "याहून जास्त तुला कोण देणार आहे?"

शांतता. ओलीने गाईकडे बघितलं. पाद्रीबाबांनी मान वळवली. समोर दोन बायकांनी रुमाल काढले. आणि तिसऱ्या रांगेत म्हाताऱ्या एनारने कानाला खाज आली म्हणून हात वर केला.

आता तीस वर्षं ज्याने गाय, शांतता आणि वर गेलेला हात हे तीनच बघून पोट भरलं, त्याने काय करावं? विंगेतून गडगडाट झाला, "एनार! डावीकडे एनार! पुढे कोण? एवढी सुरेख गाय, पुढे कोण?"

पुढे बरेच जण होते. सगळा हॉल शेतकऱ्यांचा. तो आवाज कानावर पडला की हात आपोआप वर जायची सवय. उजवीकडून एक हात आला, मागून आला, बाल्कनीतून काठी आली. वाल्दीने डोळे मिटलेले होते, तो विंगेत नव्हताच, तो बुधवारात होता. इकडे गाईचे हाल. पाद्रीबाबा संहितेला धरून जागच्या जागी उभे. ब्योसी पडला गुराख्याच्या घरातला; लिलाव सुरू झाला की गाय गोल फिरवायची हे त्याच्या रक्तात. तो निघाला. गाय लांब होत होत दीड गाईएवढी झाली.

"एनार पुन्हा! एकदा! दोनदा!" वाल्दीने हातोडा मारावा तशी मूठ खांबावर आपटली. "गेली!"

त्या खांबाला पडद्याची दोरी होती. पडदा धाडकन खाली आला. पण तो जमिनीला टेकायच्या आत, अंक सुरू झाल्यापासून मरणपंथाला लागलेली सोल्ला खाटेवर उठून बसली आणि तिने ओलीला विचारलं, "कुणी घेतली?"

हॉलमध्ये लोक बाकांवर चढून टाळ्या पिटत होते. माझ्या हातातल्या मिशा माझ्याच अश्रूंनी भिजल्या. वाल्दीने डोळे उघडले, आणि त्याला कळलं.

तो कागदी झाडांच्या मागे जाऊन बसला, डोकं हातांत धरून. आस्टाबाई आल्या. सगळे मागे सरले. आम्हाला वाटलं, आज बाई छडी काढणार.

"वाल्दी," त्या म्हणाल्या, "ती माझी शांतता होती रे."

"चुकलं बाई," वाल्दी कुजबुजला.

पडद्यापलीकडून सगळा हॉल एका सुरात म्हणाला, "जाऊ द्या हो बाई, माफ करा त्याला!"

तिकडे एनार ऐकायला तयार नव्हता. बोली लागली म्हणजे लागली, गाय माझी. कॉफीच्या वेळी तो दोरी घेऊन हजर. कातड्याची चेन अडकली होती, त्यामुळे पाद्रीबाबा आणि ब्योसी गाईतच बसून कॉफी पीत होते, म्हणजे पाद्रीबाबा पीत होते आणि ब्योसी आतून "माझा केक कुठाय?" म्हणून विचारत होता. एनारने गाय ट्रकपर्यंत नेलीसुद्धा. मग मागच्या पायांना लघवीला लागली म्हणून सौदा मोडला.

गावाने फर्मान काढलं, पुढच्या रविवारी खेळ पुन्हा, लिलावासकट. आस्टाबाई कलावंत असल्या तरी हॉलचं छप्पर गळत होतं आणि दुरुस्तीला तिकिटांचे पैसे हवे होते, त्यामुळे त्यांनी गिळलं. त्या आणि मी वाल्दीच्या घरी गेलो. "समोर येऊनच कर," बाई म्हणाल्या. "उंच फळी देते तुला. लोक तुझ्यासाठी येतील."

वाल्दीने नाही म्हणून मान हलवली.

"का पण?" रुनाने विचारलं. इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदाच विचारलं होतं.

वाल्दी बोटांची नखं खरवडू लागला. मग त्याच्या मानाने अगदी हलक्या आवाजात बोलला. भिंतीवरचं घड्याळ तेवढं हललं. "मी जिथे जातो तिथे सगळे माझ्याकडेच बघतात गं. बुधवारी गाय सोडून माझ्या तोंडाकडे बघतात. लग्नात बघतात, मयतीत बघतात. त्या चौघांनी ते टेबल नेलं ना, तेव्हा त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि सगळं त्यांच्याच हातात होतं. मला तसं एकदा व्हायचंय. एकदाच झालं तरी चालेल."

रुना उठली आणि त्याच्या बशीत आणखी एक पॅनकेक वाढलं. "होशील," ती म्हणाली. "लाकडाचं डोकं आहे तुझं, पण होशील."

आणि नशीब बघा. विंगेतल्या गार वाऱ्यात बोंबललेला तो घसा सोमवारपासून बसू लागला आणि मंगळवारी पार गेला. सूर नाही, घोगरा आवाजही नाही, काही नाही. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. लिलाव त्याची पुतणी लिना हिने चालवला. गावात अशी काही सामसूम झाली की कुत्री अस्वस्थ झाली. बर्फावरचे मासेवाले चौकशीला आले, आणि रुनाच्या ओट्यावर पुन्हा भांडी जमली.

वाल्दीचा चेहरा मात्र उजळला होता. मुका माणूस विंगेत बसवायला आस्टाबाईंची हरकत असायचं कारणच नव्हतं. रुनाने त्याच्यासाठी म्हणून विनिपेगला जोझेतला फोन केला, आमच्याकडे या म्हणून. जोझेतने विचारलं, "टेबलवाले ना? येते."

दुसऱ्या रविवारी हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. दुसऱ्या अंकात, गाय यायच्या थोडं आधी, मागचं तळं सुटलं. कापडावर रंगवलेलं ते भलंमोठं तळं वरच्या दांडीवरून एका बाजूने निसटायला लागलं. पडलं असतं तर मागे शर्ट बदलणारा दुष्ट शेजारी सगळ्या गावाला दिसला असता. वाल्दी मोज्यांवर मागून पळत गेला, त्याने दोन्ही हात वर केले आणि तळं धरलं. उरलेला सगळा अंक धरून ठेवलं. रंगाची भुकटी नाकात जात होती, शिंक येत होती, ती त्याने खांद्यात दाबली. मला विंगेतून दिसत होतं, त्याचे दंड दोरखंडासारखे फुगले होते आणि चेहऱ्यावर तान्ह्या पोरासारखं हसू.

"याहून जास्त तुला कोण देणार आहे?"

शांतता झाली. सगळा हॉल विंगेकडे कान देऊन बसला. एनार स्वतःच्या हातांवर बसला होता. काही झालं नाही. लोक वाट बघत राहिले, आणि वाट बघता बघता त्यांना ओली दिसला, त्याची गाय दिसली, पाद्रीबाबांचे गाईच्या तोंडातून डोकावणारे डोळे दिसले. मागून कुणीतरी नाक ओढलं. मग सगळीकडूनच ओढली गेली. आस्टाबाई विंगेत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभ्या होत्या.

खेळ संपल्यावर लोक कोट घालता घालता म्हणत होते, "छान होतं, रडवलं आस्टाबाईंनी. पण वाल्दी आज नव्हता वाटतं?" "आजारी आहे ना तो." "हां, तरीच."

वाल्दी दारामागे उभा राहून हे ऐकत होता. प्रत्येक "नव्हता वाटतं" बरोबर तो मला कोपराने ढोसत होता. माझ्या बरगड्या काळ्यानिळ्या झाल्या.

जोझेत मागच्या रांगेतून उठून थेट आत आली. "तळं कुणी धरलं होतं?"

वाल्दीने एक बोट वर केलं.

"तळं श्वास घेत होतं," ती म्हणाली. "चूकच ती, पण अशी चूक मला कायमची हवी आहे. उन्हाळ्यात आम्ही गावोगाव खेळ नेतो. ट्रक चालवणारा, सामान चढवणारा आणि असलं काहीबाही धरणारा माणूस मला पाहिजे. येता?"

वाल्दीने रुनाकडे बघितलं. रुना जोझेतला म्हणाली, "आधी सांगून ठेवते, याचा आवाज परत येणार आहे."

"ट्रक मागे घेताना ओरडायला माणूस लागतोच," जोझेत म्हणाली. "खेळ चालू असतानाचं बघू काहीतरी."

महिन्याभराने आवाज आला. सकाळी न्याहारीला वाल्दी "मीठ दे" म्हणाला आणि ब्योसीने पंपावरून फोन केला, "अभिनंदन वहिनी!" पण बुधवार आता लिनाचे झाले होते. पोरगी माईक वापरते, आणि वासरं पळत नाहीत. वाल्दीने वसंतात आपली काळी कापडं पिशवीत भरली आणि तो गेला.

हा त्याचा चौथा उन्हाळा. खेळाच्या वेळी त्याने तोंड उघडू नये म्हणून जोझेतने उपाय काढलाय, साखरेचे खडे. पडदा उघडायच्या आधी ती त्याच्या गालांत दोन्हीकडे खडे कोंबते, प्रत्येक अंधाराला नवे. तोंड भरलेलं असलं की शब्द फुटत नाही. खेळात आजवर त्याचा एकही शब्द ऐकू गेलेला नाही, पण गेल्या आठवड्यात त्याच्या दोन दाढा काढाव्या लागल्या.

परवा तो केस कापायला आला होता, गाल टोमॅटोसारखा सुजलेला. मी म्हणाले, "वाल्दी, अरे तोंडाचं बोळकं करून घेणार आहेस का? सोड ते खडे, कापडाचा बोळा धर तोंडात."

"दाढ काय गं," तो म्हणाला, आणि माझ्या आरशाची काच थरथरली. "आतली आहे. कुणाला दिसतेय?"